शिल्पशिक्षकाचें वेतन : अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर परिसराच्या निमित्तानें

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख संशोधकांस सुपरिचित आहे. शिलाहार राजा माम्वाणि याच्या कारकीर्दींतील हा लेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा असून, देवालयाचा काल ठरविण्यास तोच मुख्य आधार होय. राजा कोण व काल कोणता, हें त्यावरून कळतें. परंतु ज्या हातांनीं तें भूमिज पद्धतीचें अप्रतिम काम घडविलें, त्या हातांस कोणीं शिकविलें व शिकविणारास काय मिळालें, हें त्यावरून कळत नाहीं. प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

ग्रंथविद्येच्या मोबदल्याविषयीं साधनें विपुल आहेत. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास वैदिक व शास्त्री मंडळीस दक्षिणा वांटली जात असे. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें ती एकदम बंद केली नाहीं. त्याच द्रव्यांतून १८२१ मध्यें पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८५१ पासून तिचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. गांवच्या पंतोजीस थोडें रोख, थोडें धान्य व सणावारीं कांहीं भेट मिळे. सुतार-लोहारांची गोष्ट निराळी. त्यांस जें बलुतें मिळे तें कामाबद्दल, शिकविण्याबद्दल नव्हे. मुलगा बापापाशीं भात्यावर बसून शिके. तेव्हां शिकवणीची वेगळी रक्कम दप्तरांत यावी तरी कोठून? हस्तविद्येच्या अध्यापनास स्वतंत्र वेतन मिळूं लागलें तें शाळा निघाल्यावरच.

अशा संस्थांपैकीं मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय १८५७ चें, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ ची व बडोद्याचें कलाभवन १८९० चें. १८८२ च्या हंटर कमिशननें माध्यमिक शिक्षणास साहित्यिक व व्यावहारिक अशा दोन शाखा असाव्या असें सुचविलें. पुढें १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथील परिषदेनें, हस्तोद्योग हें शिक्षणाचें केंद्र असावें व या पद्धतींतून शिक्षकाचें वेतन हळूहळू भागावें, अशी अपेक्षा व्यक्त केली. विद्यार्थ्याच्या हातचें काम व गुरूचें वेतन हीं एकाच हिशेबांत मांडण्याचा हा प्रयत्न लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां या परिसराकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं तीस उल्हासनगर हें नांव दिलें. पेढी व जमीन मागें टाकून आलेल्या माणसापाशीं बरोबर आणलेली मत्ता एकच, ती म्हणजे हातांतली कला. आणि ज्यापाशीं तीही नव्हती, त्यास ती शिकणें प्राप्त होतें. शेजारीं अंबरनाथास काडेपेटीचा कारखाना होताच. तेथें आयुधनिर्माणीही आली, आणि पुढें अंबरनाथ व बदलापूर येथें औद्योगिक वसाहती झाल्या. १९५० मध्यें देशांत कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. तिच्या परंपरेंतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आज उल्हासनगर व अंबरनाथ येथें आहेत. उच्च माध्यमिक शाळांतूनही व्यवसाय अभ्यासक्रम आले.

प्रचलित आंकडे पाहूं. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील शिल्प निदेशकाची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये आहे. माध्यमिक शाळेंतील प्रशिक्षित पदवीधराची श्रेणीही तीच. ग्रंथ व हातोडा एका पंक्तीस बसले, ही गोष्ट या दीर्घ इतिहासांत सामान्य नव्हे.

मात्र त्या पंक्तीस पोंचण्याची वाट सर्वांस सारखी नाहीं. इ. स. २००० मध्यें शिक्षणसेवक योजना आली. तीप्रमाणें शाळेंत नवा लागलेला शिक्षक पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर राहतो. माध्यमिकास तें दरमहा ८,००० होतें. जानेवारी २०२३ पासून १८,००० झालें. छत्तीस महिन्यांचे ६,४८,००० होतात. श्रेणीच्या नुसत्या आरंभींच्या मूळ वेतनानें हेच १३,८९,६०० झाले असते. फरक ७,४१,६०० रुपयांचा, आणि तोही भत्ते व वेतनवाढ न धरतां. ज्या वयांत घर मांडावयाचें त्याच वयांत हा तोटा येतो. दिवसाचे ६०० रुपये, त्यांतून घरभाडें, लोकलचा पास व वाणसामान! २०११ च्या जनगणनेंत हीं तिन्ही गांवें बृहन्मुंबईच्या नागरी समूहांत मोडतात. राहणें बदलापुरास असलें तरी खर्चावर छाया मुंबईची. शाळांतून नव्या योजनेखालीं खाजगी संस्थांमार्फत नेमलेल्या व्यवसाय-प्रशिक्षकांस तर ही श्रेणीही नाहीं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांस पूर्वीचें निवृत्तिवेतन सरसकट लागू राहिलें नाहीं, हेंही जमेस धरिलें पाहिजे.

यावरून आमचें मत असें कीं, वेतनाचा आंकडा एकटा पाहून भागत नाहीं. तो किती वर्षांनीं, कोणत्या अटीवर व कोणत्या गांवीं हातीं पडला, हें पाहिल्यावांचून त्याची पोंच कळत नाहीं.

आतां एक विनंति. सनदा व पोथ्या आपण जिवापाड जपतों. शाळांचीं पगारपत्रकें व सेवापुस्तकें मात्र रद्दींत जातात. कार्यशाळेच्या कपाटांत जुनें वेतनपत्रक आढळल्यास संग्राहकांनीं तें उतरून घ्यावें. त्यांत विषय, रक्कम, देय दिनांक व प्रत्यक्ष मिळाल्याचा दिनांक हीं चार कलमें अवश्य टिपावीं. शके ९८२ च्या पाथरवटाच्या गुरूस काय मिळालें, हें आतां कळण्याची आशा नाहीं. आजच्या सुतारकाम शिकविणाऱ्या गुरूविषयीं पुढील संशोधकास तसेंच म्हणावें लागूं नये.