उसाच्या मळ्यांतून पळालेली माणसे

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊस म्हणजे संपन्नता असे समीकरण रूढ झाले आहे. परंतु हे गोड पीक जगात अनेक ठिकाणी मानवी दास्यावर पोसले गेले, याचे स्मरण ज्ञातिबांधवांस करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वेस्ट इंडीज बेटांतील मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून पिकविले जात. जमेकातील कित्येक गुलाम डोंगरांत पळाले, तेथे वस्त्या करून लढले आणि १७३९ मध्ये इंग्रजांस त्यांच्याशी तह करणे भाग पडले. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरही असेच फरारी गुलाम ल मॉर्न डोंगराच्या कडेकपारींत आश्रय घेत.

१८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. मळेवाल्यांनी मग हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. १८३४ पासून १९१० पर्यंत असे सुमारे ४,५०,००० लोक तेथे उतरले. त्यांत रत्नागिरी, कोल्हापूर व सातारा भागांतील मराठी माणसेही होती. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे व तासगाव हे तालुके त्या काळी सातारा जिल्ह्यातच मोडत. तेव्हा ही कथा परक्यांची नव्हे.

हे मजूर नावाने गुलाम नव्हते. त्यांचे वेतन ठरलेले होते. तथापि एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. मळा सोडून जाणाऱ्यास तुरुंगात टाकीत. १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्या मजुरांसही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली. अखेर १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळा-व्यवस्थापकाच्या साह्याने ९,४०१ हिंदी मजुरांनी गव्हर्नराकडे अर्ज केला आणि विलायत सरकारास चौकशी आयोग नेमावा लागला.

तात्पर्य, साखळदंड जाऊन कागद आला. पळणारा मात्र गुन्हेगारच राहिला. ज्यास काम सोडून जाता येत नाही, तो स्वतंत्र कसा म्हणावा?

आज आपल्या कृष्णाकाठच्या फडांत बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचा पाय मोकळा नसतो. एखादे जोडपे रात्री फड सोडून गेले, की 'उचल बुडवून पळाले' असे आपण सहज म्हणतो. ते का पळाले, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आपल्याच मुलखातील माणसे एके काळी परक्या बेटावर याच फासात अडकली होती, हे ध्यानी ठेवून बागायतदार बंधूंनी तो प्रश्न आधी विचारावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.