गिरणगावातील गरोदर बाई आणि तिचा चहा

परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला आलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडील बायांच्या माहेरी न्याहारी म्हणजे पेज किंवा शिळी भाकर असे. चहाची ओळख त्यांना मुंबईत झाली, आणि ती आपोआप झाली असे नाही. १९०३ साली सरकारने चहावर उपकर बसविला आणि त्या पैशातून मळेवाल्यांनी हिंदुस्थानी माणसाला चहाची सवय लावण्याची पद्धतशीर तजवीज आरंभिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर गिरण्या-कारखान्यांतून चहाची दुकाने मांडण्यात आली, कारण चहाने थकलेला मजूर पुन्हा ताजातवाना होतो, ही गोष्ट मालकाच्याही सोयीची होती.

पुरुषाला नाक्यावरचा इराणी होता. बाईचा चहा मात्र चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, पहिला भोंगा होण्याच्या आत, शेगडीवर जर्मनच्या पातेल्यात उकळे: भुकटी, गूळ, पाणी आणि रंग पालटण्यापुरते दूध. घरच्या व खाणावळीच्या पुरुषांना वाढून उरेल तो घोट बशीत ओतून रिकाम्या पोटी प्यायचा आणि वायंडिंग खात्यात उभे राहायचे, हा पोटुशी बाईचाही क्रम असे. दुपारी भाकरीबरोबर पुन्हा तोच चहा. चहाने भूक मरते, आणि जिथे ताटात वाढायलाच थोडे, तिथे हा त्याचा गुणच ठरला.

आज वैद्यक सांगते की चहातील कॅफीन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, अखेरच्या महिन्यांत ते आईच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, आणि जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातील लोह नीट अंगी लागू देत नाही. जिचे रक्त आधीच कमी, तिच्या बाबतीत हा तिसरा दोष मला सर्वांत घातक वाटतो.

डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने १९२२ साली मुंबईतील कामकरी बायांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शेकडा ९८ मुलांना अफू चारली जाते असे तिला आढळले. आईला भूक मारायला चहा आणि मुलाला निजवायला अफूची बाळगोळी; दोन्हींचे मूळ एकच, की गिरणीत गेल्यावाचून चूल पेटत नव्हती. हे ओळखणारी माणसेही याच शहरात होती. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १९२८ च्या जुलैत मुंबई कौन्सिलात तशाच विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे प्रतिपादन केले. १९२९ च्या कायद्याने सात आठवडे रोज आठ आणे मिळू लागले. परळचे नवरोजी वाडिया प्रसूतिगृह त्याच्या तीन वर्षे आधीच उघडले होते. त्या आठ आण्यांनी आईच्या ताटात जे पडले असेल, ते चहा सोडण्याच्या शंभर उपदेशांनी पडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपदेश निरर्थक आहे असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटना गर्भवतीला दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहण्यास सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये असेही ती सांगते. दोन-तीन कप चहाने कोणी धास्तावू नये.

गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले, आणि त्या मनोऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाईला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा कधी लागू झालाच नाही. तुमच्या घरी येणारी बाई गरोदर असेल, तर तिला आल्या आल्या चहा देऊ नका. आधी पोळीभाजी द्या, चहा तासाभराने द्या, आणि बाळंतपणाची सुटी भरपगारी द्या.