सुरतेचा प्लेग आणि गाठीची साक्ष

प्लेग म्हटला की मराठी माणसाला काखेतली किंवा जांघेतली गाठ आठवते. 1897 साली पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोजीर घरोघर शिरून रोगी हुडकत होते तेव्हा तीच गाठ रोगाची ओळख होती. सुरतेत 1994 च्या सप्टेंबरात ही खूण कामाला आली नाही, आणि तिथल्या गोंधळाचं एक मोठं कारण मला हेच दिसतं. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठी आलेले रोगी आढळले होते. पुढे तापीचा पूर ओसरल्यावर सुरतेच्या वेड रोड भागात माणसं न्यूमोनियाने दगावू लागली. जंतू श्वासावाटे थेट फुफ्फुसात गेला, तर गाठ सुजायच्या आतच माणूस जाऊ शकतो. लाखो लोकांनी शहर सोडलं. मागावर काम करणारे खानदेशी कामगारही गावाकडे निघाले. बाजारातून टेट्रासायक्लिन गायब झालं.

हा प्लेग नव्हेच, असं म्हणणारे जाणकारही होते, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता: फुफ्फुसाचा प्लेग एवढा संसर्गजन्य, मग घरातली बाकीची माणसं फारशी आजारी का पडली नाहीत? सरकारने नेमलेल्या रामलिंगस्वामी समितीने तरीही प्लेगच ठरवला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने जंतूची जनुकं तपासली, तेव्हाही तो प्लेगचाच निघाला. म्हणजे गाठ नाही म्हणून प्लेग नाही, हे खरं नव्हे. उलट, गाठ आहे म्हणून प्लेगच, हेही खरं नव्हे. सुरत हत्तीरोगाचं जुनं ठाणं. तिथे जांघेतली गाठ त्या रोगाचीही असू शकते. क्षयानेही गाठ येते. बाळाला डाव्या दंडावर क्षयाची बीसीजी लस टोचल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डाव्या काखेत येते, कोरोनाच्या लसीनंतर टोचलेल्या बाजूच्या काखेत येते. लसीनंतरच्या अशा गाठी बहुधा आपोआप बसतात. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: लस कधी, कोणत्या हाताला? गाठ वाढली, पिकली किंवा रेंगाळली तर सुईने नमुना घेतात. प्लेगच्या गाठीचा निवाडाही सुईच्याच नमुन्यावर होतो.

साथीत अहवालाची वाट कोण पाहणार, असं कुणी म्हणेल. उपचार थांबवायचं कारणच नाही. नमुना तेवढा औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा, कारण गोळ्या पोटात गेल्यावर जंतू वाढवून दाखवणं अवघड होतं. आणि लस घेतल्यावर तारीख व हात लिहून ठेवा. काखेत गाठ दिसली तर डॉक्टरांना ते आधी सांगा.