कॅलक्युलस, ग्रुप स्टडी आणि बर्कलीची गोष्ट

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम पडला की आधी लॉग बघायचा, मग कारण सांगायचं. आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनी हाच नियम विद्यापीठात वापरला.

१९७० च्या दशकाचा मध्य. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलं पहिल्याच वर्षी कॅलक्युलसमध्ये धडाधड गळत होती. आणि कॅलक्युलस गेलं की इंजिनिअरिंग, मेडिकल सगळंच गेलं. युरी ट्रीझमन तेव्हा तिथे गणिताचे विद्यार्थी होते. 'असं का होतं?' म्हणून त्यांनी प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं तयारच होती: मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. (ओळखीचं वाटतंय ना?)

ट्रीझमननी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुलं निवडली, आणि जवळपास दीड वर्ष ती अभ्यास कशी करतात हे प्रत्यक्ष पाहिलं. चारही उत्तरं पोकळ निघाली. ही मुलं आपापल्या शाळांतली हुशार मुलं होती. आईवडिलांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. कष्टातही ती कमी नव्हती.

मग फरक कुठे होता? चिनी मुलं आधी एकटी अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र बसत. उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर कळायचं की गणितच अवघड आहे, आपण ढ नाही. उलट २० पैकी १८ कृष्णवर्णीय मुलं वर्गातल्या कुणाबरोबरही अभ्यास करत नव्हती. शाळेत एकट्याच्या जिवावरच तर ती इथवर पोचली होती! तीच सवय इथे नडली. गणित अडलं की दोष स्वतःचाच वाटायचा.

विद्यापीठाचे जादा वर्ग होते, पण ते 'कच्च्या' मुलांसाठी. स्वाभिमानी मुलगा तिथे कशाला जाईल?

म्हणून १९७८ च्या सुमारास ट्रीझमननी वर्कशॉप सुरू केलं आणि पाटीच बदलली. हे हुशार मुलांसाठी आहे, म्हणाले. गणितं नेहमीपेक्षा अवघड, आणि सोडवायची गटात. या मुलांचे निकाल चांगलेच सुधारले. आता यात मुलं स्वतःहून आली होती, त्यामुळे सगळं श्रेय वर्कशॉपला देता येत नाही, हेही खरं. तरी पुढे टेक्सास विद्यापीठासह अनेक ठिकाणी हा प्रयोग उचलला गेला, आणि १९९२ मध्ये ट्रीझमनना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

मला यातली मोठी गोष्ट वर्कशॉप नाही वाटत. ती चार तयार उत्तरं वाटतात. चारही मुलांच्या किंवा त्यांच्या घराच्या माथी मारलेली, आणि एकही तपासलेलं नाही. आपल्या ऑफिसात लहान गावातून आलेला एखादा नवा पोरगा गप्प बसून मागे पडत असेल, तर त्याच्याबद्दलही आपल्याकडे अशी उत्तरं तयार असतातच. ती देण्याआधी एकदा बघा, दुपारी तो जेवायला कुणाबरोबर बसतो?