मुतखड्याची कळ: हुलग्यांपासून सुईपर्यंत

आमच्या जुन्नर-आंबेगावात मुतखड्याची कळ उठली की आधी चुलीवर हुलगे चढत. आजी त्यांचं कढण पाजायची, पानफुटीचं पान चावायला द्यायची, कमरेला गरम विटेचा शेक. शेकानं थोडा आराम पडे, पण कळ थांबत नसे. धट्टाकट्टा गडी गडाबडा लोळायचा. ते हाल पाहिलेत, म्हणून पुढचा इतिहास मला मोलाचा वाटतो.

दवाखान्यात आधी मान मॉर्फिन, पेथिडीन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ती मिळणं अवघड झालं. दुसरं वेदनाशामक, डायक्लोफिनॅक, १९७०च्या दशकातलं. मूत्रपिंडातला दाब वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायनंच ते रोखतं. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये कतारमधली १,६४५ रुग्णांची चाचणी छापून आली. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आली ती डायक्लोफिनॅक घेतलेल्या ६८ टक्क्यांची, शिरेतून पॅरासिटामॉल दिलेल्या ६६ आणि मॉर्फिनच्या ६१ टक्क्यांची. दुष्परिणामही मॉर्फिनचेच जास्त.

तालुक्याच्या रुग्णालयासाठी डायक्लोफिनॅकची स्वस्त सुईच पहिली, असं माझं मत. मूत्रपिंड अधू, पोटात अल्सर किंवा बाई गरोदर असेल तर मात्र ती नको. आणि कळीसोबत थंडीताप आला, लघवी अडली, तर हुलगे शिजवत बसू नका. त्याच रात्री मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.