सोनाराच्या केरातील लक्ष्मी

धनत्रयोदशीला आपण सोन्यानाण्याची पूजा करतो. पण सोनाराच्या दुकानातील केराला लक्ष्मी मानणारी माणसे मी पाहिली आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा मुलूख दुष्काळी. पाऊस सह्याद्रीवरच बरसून जातो, इकडे नुसते ढग येतात. शेतीने पोट भरेना, तेव्हा इथली माणसे गलाईच्या धंद्यात शिरली आणि पार केरळ-दिल्लीपर्यंतच्या सराफकट्ट्यांत जाऊन बसली.

सोनाराची कानस चालली की कण उडतात. कोळशाच्या राखेत, बसकरात, झाडूत अडकतात. हा केर धुऊन पोट भरणारे झारेकरी पूर्वीपासून होतेच. गलाईवाला त्याच्या पुढचे काम करतो. केर जाळून, धुऊन, टाकणखार घालून मुशीत आटवला, की सोने, चांदी, तांबे यांचा एक गोळा हाती येतो. आता त्यांची फारकत करायची. गंमत अशी, की सोने निराळे काढण्यासाठी आधी त्यात चांदीच मिसळावी लागते: एका भागास सुमारे तीन भाग! एरवी तेजाब गोळ्याच्या आतपर्यंत पोचत नाही. चांदी विरघळते, सोने तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसते.

मग विरघळलेली चांदी? त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. पाणी निळे होत जाते आणि पट्टीवर चांदीचा करडा लव चढतो. तोळाभर तांबे विरघळले, की जवळजवळ ३.४ तोळे चांदी बाहेर पडते. हा सारा विजेचा व्यवहार! तांबे आपले इलेक्ट्रॉन चांदीला देऊन टाकते. धातूंच्या याच स्वभावावर व्होल्टाने १८०० साली चकत्यांची चळत रचून वीज खेळविली, आणि १८७४ साली हाम्बुर्गच्या व्होलविलने बाहेरून वीज देऊन सोने शुद्ध करण्याची रीत काढली. गलाईवाल्याच्या घमेल्याला मात्र ना तार, ना यंत्र.

१९६३ साली सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटांहून शुद्ध नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. कानसच थांबली तर केर कुठला? तो कायदा १९९० साली गेला. तेजाबाचा तांबूस धूर मात्र गेला नाही. बोळातल्या कोंदट खोलीत तो कोंडतो. माणूस संध्याकाळी बरा दिसतो आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसात पाणी साचू शकते. दागिन्याच्या पावतीवर घडणावळ लिहितात, हे कुणी लिहीत नाही.

असो. उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकले, की तांबेही परत मिळते. त्यानंतरचे पाणी मी गटारातच जाताना पाहिले.