आजोबांचं एचएमटी असो की तुमचं रोजचं घड्याळ : घरी साफ करताना काय करायचं आणि कुठे थांबायचं?

मंडळी, दिवाळीची साफसफाई सुरू झाली की कपाटाच्या एखाद्या कप्प्यातून जुनं घड्याळ हमखास बाहेर येतं. काचेवर ओरखडे, चेनच्या फटींत काळा मळ. मग आपण मोबाईल उघडतो. तिथे कुणीतरी टूथपेस्ट लावून घड्याळ चकाचक करून दाखवलेलं असतं. आपणही ब्रश घेऊन बेसिनसमोर उभे राहतो. घड्याळ चमकतं खरं, पण दोन दिवसांनी काचेच्या आत धुकं दिसायला लागतं आणि काटे थांबतात!

आपल्याकडच्या कितीतरी घरांत सापडणारं हे जुनं घड्याळ एचएमटीचं असतं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावं घरातल्या मोठ्यांना आजही आठवतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आजोबांच्या घड्याळाची मूळ तबकडी पाण्याने खराब झाली, तर तशीच दुसरी मिळवणं सोपं नाही. म्हणूनच साफ करण्याआधी हे पाच मिनिटं वाचून घ्या.

एकच नियम लक्षात ठेवा

बाहेरचा मळ काढणं तुमचं काम, मागच्या झाकणाच्या आतलं काम कारागिराचं. घरी केलेल्या सफाईत घड्याळ बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. चावी, काचेची कड आणि मागचं झाकण या तीन ठिकाणांहून पाणी आत जातं. तिथे रबराचे वायसर असतात. ते वर्षानुवर्षांनी कडक होतात, त्यांना चिरा पडतात. त्यामुळे जुनं घड्याळ कितीही घट्ट बंद दिसलं, तरी त्यात पाणी जाऊ शकतं असंच समजून चाला.

'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' म्हणजे काय?

इथे भल्याभल्यांची फसगत होते. ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात जाता येतं, असं अजिबात नाही. नव्या घड्याळाने चाचणीत स्थिर पाण्याचा तेवढा दाब सहन केला, एवढाच त्याचा अर्थ. रोजच्या वापरात हे आकडे साधारण असे वाचायचे :

• ३० मीटर : हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील, नळाखाली धरणं नको.
• ५० मीटर : थोडं जास्त भिजलं तरी चालेल, पण रोजच्या पोहण्यासाठी नाही.
• १०० मीटर : पोहायला चालतं.
• २०० मीटर : पाण्यातल्या खेळांसाठीही चालतं.

हे सगळं वायसर चांगले असतील तरच. आकडा कोणताही असो, गरम पाण्याची आंघोळ आणि साबण यांपासून घड्याळ लांबच ठेवा. मागे काहीच लिहिलं नसेल, तर पाण्याचा थेंबही नको.

घरी साफ करायची पद्धत

१. चावी पूर्ण आत दाबलेली आहे ना, ते पाहा. काही घड्याळांची चावी फिरवून घट्ट करायची असते, ती तशी करा.

२. चष्मा पुसायच्या मऊ, कोरड्या फडक्याने काच, कडा आणि मागची बाजू पुसा.

३. पट्टा जिथे जोडलेला असतो, तिथल्या खाचेत घाम आणि धूळ घट्ट बसते. तो मळ लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई किंवा पिन वापरू नका, ओरखडे पडतात.

४. स्टीलची चेन असेल तर ती घड्याळापासून वेगळी करा. जमत नसेल तर दुरुस्तीच्या दुकानात ते दोन मिनिटांचं काम आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, त्यात चेन दहा मिनिटं ठेवा आणि मऊ टूथब्रशने घासा. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

५. सोनेरी किंवा चंदेरी मुलामा असेल तर जोरात घासू नका. मुलामा एकदा उडाला की घरी परत आणता येत नाही. सॅनिटायझर आणि परफ्यूमही त्यावर उडू देऊ नका.

६. चामड्याचा पट्टा धुऊ नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. रबर किंवा नायलॉनचा पट्टा मात्र काढून साबणाच्या पाण्याने धुता येतो.

टूथपेस्टचं खरं-खोटं

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात. जुन्या एचएमटीची काच बहुतेक वेळा ॲक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची असते. तिच्यावरचे बारीक ओरखडे अशा कणांनी खरंच कमी होतात. पण आजच्या बहुतेक घड्याळांची काच खनिज काच किंवा सफायर असते. तिच्यावर टूथपेस्टचा उपयोग शून्य, उलट वरचा थर खराब होऊ शकतो. ॲक्रिलिकवरही पेस्ट कडेच्या फटीत गेली तर अडकून बसते. त्यापेक्षा कारागिराकडून काच पॉलिश करून घ्या किंवा बदलून घ्या.

सापडल्या सापडल्या चावी देऊ नका!

बरीच वर्षं बंद असलेलं घड्याळ दिसलं की पहिली इच्छा होते चावी देऊन बघायची. पण आतलं तेल सुकलेलं असतं. तसंच चालवलं तर बारीक भाग घासून झिजतात. आधी सर्व्हिसिंग, मग चावी. त्यानंतर रोज ठरावीक वेळी चावी द्या आणि ती अडली की थांबा, जोर लावू नका. तारीख दाखवणारं घड्याळ असेल, तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत हाताने तारीख बदलू नका. तेव्हा आतली चक्रं स्वतःच तारीख सरकवत असतात, त्यांचे दाते तुटू शकतात.

सेलचं घड्याळ बंद पडलं असेल, तर संपलेला सेल आत ठेवू नका. तो गळला की आतलं सर्किट खातो. सेल बदलताना मागच्या वायसरचीही तपासणी करायला सांगा.

चावीचं घड्याळ अचानक खूप पुढे धावायला लागलं, तर त्यात चुंबकत्व आलेलं असू शकतं. स्पीकर किंवा चुंबकाचं मोबाईल कव्हर यांच्याजवळ ते ठेवू नका. चुंबकत्व काढायचं काम कारागीर काही क्षणांत करतो.

काचेच्या आत धुकं दिसलं तर?

पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, हा प्रश्न नेहमीचाच. तांदळाच्या डब्यात घड्याळ ठेवल्याने आतलं पाणी निघत नाही. हेअर ड्रायरच्या उष्णतेने वायसर आणि तबकडी दोन्ही बिघडू शकतात. चावी बाहेर ओढू नका आणि शक्य तितक्या लवकर, जमलं तर त्याच दिवशी, दुरुस्तीला द्या. गंज चढायला फार वेळ लागत नाही. कारागीर तबकडी नवीन रंगवून देतो म्हणाला, तर मात्र आधी विचार करा. आजोबांनी रोज पाहिलेली तबकडी तीच असते आणि जुन्या घड्याळाची किंमतही मूळ तबकडीलाच असते.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणाचं घड्याळ जपून ठेवलंय? ते आजही चालतं का? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि टूथपेस्ट घेऊन बसलेल्या मित्राला हा लेख आधी पाठवा!